तात्या कीमनची साक्ष

तात्या कोणत्याही खुर्चीवर बसण्याआधी तिचा पाय बोटानं ठोकून बघत. बत्तीस वर्षं ते रेल्वेत कीमन होते. रोज सहा किलोमीटर चालायचं आणि रुळाच्या चाव्या हातोड्यानं ठोकायच्या. आवाज बद्द आला की चावी सैल. माणसांनाही तोच न्याय. कुणी बढाई मारली की म्हणत, “बद्द वाजतंय रं.”

पिंपरीजवळची आमची चोवीस खोल्यांची रेल्वे चाळ नव्या रुळांसाठी पाडायचं ठरलं, तेव्हा रहिवाशांनी चाळीचा इतिहास छापायला घेतला. काम माझ्याकडे आलं. मी चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो; एक नट कमी भरला तरी मला जेवण जात नाही. साक्षीदार नसेल तर आठवण घ्यायची नाही, असा मी नियम केला आणि अकरा आठवणी बाद केल्या. लोक रागावले. मला बरं वाटलं.

बारावी माझ्या वडिलांची होती. तडकलेला रूळ पाहून ते लाल झेंडा घेऊन धावले आणि त्यांनी गाडी थांबवली. त्याचं प्रशस्तिपत्र आजही आमच्या भिंतीवर आहे. पुस्तकाचं प्रकाशन ऐंशी वर्षांच्या माझ्या आईच्या हस्ते व्हायचं होतं, आणि तिला पुस्तकातलं हे एकच पान हवं होतं. साक्षीदार एकच हयात होता : तात्या.

“पळाला, ह्ये खरं हाय,” तात्या म्हणाले. “पर गाडी आधीच हुबी व्हती. शिग्नल लाल. डायवर खाली बसून बिडी वढत व्हता. त्यानंच तुझ्या बापाला इचारलं, ‘काय झालं रं?’”

“मग प्रशस्तिपत्रासाठी तुम्ही दिलेली जबानी?”

“थाप मारली. तुझा बाप रोजंदारीवर, आई तुझी पोटुशी. त्या कागदावर त्यो कायम झाला, खोली मिळाली. न्हाईतर तू काय फलाटावर जन्मणार व्हतास, स्टोअरकीपर?”

त्या आठवड्यात माझी स्टोअरमधली मोजणी दोनदा चुकली. शेवटी मी लिहिलं : ‘वडील लाल झेंडा घेऊन धावले. गाडी तडकलेल्या रुळाच्या अलीकडे थांबली. कोणालाही इजा झाली नाही.’

तात्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

“एकबी शब्द खोटा न्हाई,” ते म्हणाले. “मोठं साहेब लोक असंच लिवत्यात.”

प्रकाशनाच्या दिवशी आईनं ते पान माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले. सगळ्यांत जोरात टाळ्या तात्यांनी वाजवल्या.

दिवाळीआधी ते गेले. त्या दिवशी नक्की काय घडलं हे जाणणारा आता मी एकटाच. आणि मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो.