रोजचा तोच प्रश्न

परवा माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर सुरू केला, तर तापलेल्या धुळीचा वास आला आणि मालाडचं आमचं सायबर कॅफे आठवलं. घरोघरी स्मार्टफोन आले आणि गिऱ्हाईक आटलं. दुपारी फक्त समोरच्या चाळीतल्या काकू यायच्या, रोज तेच विचारायला, "व्हिडिओ कॉल कसा लावायचा रे?" माझा पार्टनर अर्धा अर्धा तास त्यांच्याजवळ बसायचा. मी वैतागायचो. "अरे, हाच धंदा आहे आता," तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना फोन शिकवूया." मी हसलो. त्याने पार्ल्यात एकट्याने क्लास काढला, तो चालला. आमचं कॅफे बंद पडलं. आता मुलगी परदेशात असते. रविवारी तिचा कॉल आला की मी विचारतो, "कॅमेरा कसा फिरवायचा गं?" ती सावकाश समजावते. मला येतं सगळं.