मोहाखालचे तीन गोटे

नातीच्या गाइडच्या स्कार्फले इस्त्री करून राह्यली होती, तं गरम कापडाच्या वासानं मी थेट माह्या शाळेच्या दिवसातल्या, एटापल्लीच्या गाइड शिबिरात पोचली. दगडांच्या खुणा पाहत जंगलात लपवलेला खजिना शोधायचा अन् शेवटच्या पोरीनं त्या खुणा मोडायच्या, असा खेळ होता. शेवटची मी. मोहाच्या झाडाखाली तीन गोटे उभे दिसले, तेही मी नाल्यात फेकले.

परततांना तिथंच एक माडिया बाई वाकून शोधत होती. "माह्या मेलेल्या लेकीच्या नावाचे गोटे होते, पोरीहो. पाह्यले काय?"

"नाई," मीच सगळ्यांच्या आधी बोलली.

"मंग डुकरानं उधळले असन."

"हो, डुक्करच असन."

नाला दहा पावलांवर होता, कोरडा. गोटे वरूनच दिसत होते. उचलून द्यायले किती वेळ लागला असता, सांगा.