सुखरामचा लाल काठ

आंधळगावात कोशाच्या रेशमाची साडी विणणारे हात आता मोजके उरलेत. त्यातला एक सुखराम. चाळीस वर्षं मागावर बसला, पण काठात चूक ठेवून साडी उतरवली नाही.

गेल्या भादव्यात त्यानं शेळीसाठी शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापून आणलं. पुढं आठवडाभरानं ताप भरला. ताप ओसरताच तो मागावर बसला, तर काठाचा लाल धागा मातकट दिसला. डोळा हलवला की ठणकत होता, पण तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. त्या धाग्याची लडी घेऊन तडक रंगारी भैयाजीचं घर गाठलं.

"रंगात पाणी टाकून राहिला का गा? हा लाल हाये का वीट?"

भैयाजीनं लडी उन्हात धरली. "नवरीच्या अंगावर शोभंल असा लाल हाये. एक डोरा झाक बरं."

सुखरामनं डावा डोळा झाकला. लाल. उजवा झाकला. वीट. लडी उचलून तो घरी आला.

बायको रंभाबाईनं दुसऱ्याच दिवशी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी अंग तपासलं. करगोट्याखाली काळी खपली निघाली. गवतातल्या बारीक किड्याचा चावा, ते म्हणाले. त्याच तापाच्या जंतूंमुळे डोळ्यामागची नस सुजली होती.

"नजर पुरी येईल?" सुखरामनं विचारलं.

"औषध लगेच सुरू करू. किती येईल ते सहा आठवड्यांनी कळेल."

ते सहा आठवडे सुखराम रिकामा बसला नाही. जुन्या ताण्याचे उभे धागे रंभाबाई ब्लेडनं तोडायची आणि तो डोळे मिटून, चाचपून सांधायचा.

"पाचवा राह्यला, अजी."

"चारच तोडले तू."

"पाहून राहिली, हात जागा हाये का झोपला."

नजर आली, पण पुरी नाही. डाव्या डोळ्याला लाल अजून थोडा फिका दिसतो. डॉक्टरांनी परवानगी दिली तसा तो मागावर बसला. वीतभर विणून झाल्यावर काठावर बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. एक धागा सुटला होता.

रंभाबाईनं वाकून पाहिलं. "मलेही दिसत नाही. राहू द्या."

"नेसणारीच्या हाताले लागंल."

त्यानं वीतभर कापड उसवलं आणि पुन्हा विणलं. साडी चार दिवस उशिरा उतरली.