अप्पांच्या स्कॅनमधलं दुसरं हृदय

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अप्पांनी तो ठेवूच दिला नसता. माझे वडील इथे बेंगळुरूला सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. कुणी भुताचा भ काढला तरी "मोजून दाखव" म्हणायचे. आणि हे तर मशीननेच मोजलं... हसायचं तर हसा.

आई दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेली. गॅस झालाय म्हणत सोडा पीत बसली, हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग जिना चढताना अप्पांच्याही छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी थॅलियम स्कॅन सांगितला – थोडं किरणोत्सारी औषध टोचतात, ते रक्ताबरोबर हृदयात जातं, आणि रक्त पोचत नाही तो भाग चित्रात काळा दिसतो. "ब्लॉक निघाला तरी मी काही करून घेणार नाही," या अटीवर अप्पा कसेबसे तयार झाले.

इथल्या हेब्बाळ भागातलं एक डायग्नोस्टिक सेंटर. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून टेक्निशियनने मला काचेमागे आपल्या शेजारी बसू दिलं. टेबल अरुंद, हात डोक्यामागे, जराही हलायचं नाही. आणि अप्पा मात्र उजव्या कडेला सरकत होते.

"अंकल, स्वल्प मध्यक्के बन्नी," जरा मधे या, असं कन्नडमध्ये म्हणत तिने त्यांना दोनदा मधे ओढलं. ते पुन्हा कडेला.

मी माइकवरून विचारलं, "अप्पा, काय चाललंय?"

"तिला जागा नको का?"

पलंगावरही ते अजून आईची जागा सोडून कडेलाच झोपतात. मला भरून आलं. भीती तेव्हा नव्हती वाटली.

मग स्क्रीनवर चित्र आलं. अप्पांचं हृदय, पुढच्या बाजूला काळा खड्डा. आणि त्यांच्या डाव्या हाताला, टेबलाच्या रिकाम्या जागेत, आणखी एक. लहान, फिकट.

"औषध सांडलं असेल," टेक्निशियन म्हणाली. तिने चादर बदलली, शर्ट बदलायला लावला, टेबल पुसलं. पुन्हा स्कॅन, पुन्हा तेच. आणि ते धडधडत होतं... सांडलेला थेंब धडधडत नाही हो.

डॉक्टर आले. पेशंट हलला की कधीकधी दोन प्रतिमा येतात, म्हणाले. तोवर अप्पा चष्मा लावून स्क्रीनपाशी पोचले होते.

"हललो असतो तर माझंच दोनदा दिसलं असतं. माझा खड्डा पुढे आहे, याचा खाली. हे माझं नाही."

अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाळा, आता काही करू नकोस. घरी जाऊ."

आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि त्याचीच मला भयंकर भीती वाटली. घरी मी भांडले, रडले, शपथ घातली. "आई गेली, आता तुम्हीही निघालात का?" म्हटलं. शेवटी माझ्यासाठी ते नमले आणि अँजिओप्लास्टी झाली.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. अप्पा आपणहून कडेला झोपले. टेक्निशियन तीच होती, या वेळी तिने त्यांना ओढलं नाही.

चित्र स्वच्छ आलं. रक्त सगळीकडे पोचत होतं. डॉक्टर खूश, मी पेढे सांगायच्या बेतात. अप्पा उठून आत आले आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

"एकच?" त्यांनी विचारलं.



अप्पा आता ठणठणीत आहेत, रोज तळ्याकाठी फिरून येतात. या मशीनबद्दल जाणकारांना विचारून झालं, प्रत्येकाने वेगळं काहीतरी सांगितलं आणि पटलं काहीच नाही. पण मला छळतं ते दुसरंच. मी अप्पांना कशातून ओढून आणलं... की कुणाजवळून, हे मला आजही माहीत नाही.