मार्थाबाईंविषयी मी दिलेली साक्ष

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मार्थाबाई माझ्या खोलीवर आल्या आणि पाच-सात मिनिटांत परत गेल्या. एवढेच खरे आहे. त्या भेटीबद्दल तुम्ही माझ्या तोंडून उपासनेत जे ऐकले, चर्चमधल्या आपल्या मंडळीच्या पत्रिकेत जे वाचले, ते बाकी सगळे खोटे आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पाळकांना नाही, बायकोलाही नाही.

साक्ष तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. मी तरुण वार्ताहर, मंडळीपासून दूर गेलेला. मार्थाबाई उन्हातून शोधत आल्या, माझ्या खाटेवर बसल्या, मोठ्याने प्रार्थना केली. घरमालकांनी ती ऐकली आणि स्वतःची खुर्ची आणून दिली. त्या दिवसापासून मी एकही रविवार चुकवला नाही. शेवटी मी म्हणत असे — एकत्र येणे सोडू नका, दार उघडा, देवाचा हेतू असतो. लोक डोळे पुसत. मीही पुशीत असे. आता तो आवाज आठवला की शिसारी येते. चाळीस वर्षे बातमी दोन ठिकाणी तपासून छापणारा माणूस मी. ही एकच मी तपासू दिली नाही.

घडले ते असे. नव्या जिल्ह्यासाठी आमच्या दैनिकाला लातुरात माणूस हवा होता. मी नायगावहून आलो. गावच्या पाळकांचे पत्र घेऊन इथल्या मंडळीत दाखल झालो. मार्थाबाई तेव्हा साठीच्या होत्या. बायबलबाई — म्हणजे घरोघर जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणाऱ्या. प्रभुभोजनाला आमच्याकडे द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांत फिरे. माझी जागा त्यांच्या शेजारी असे. त्या प्यायल्या की मी पीत असे.

खोली मिळाली ती एका भुसार व्यापाऱ्याच्या घरात. त्यांना सगळे अप्पा म्हणत. गळ्यात लिंग, सकाळी पूजा, माणूस सरळ. माझ्या आडनावावरून मी त्यांच्यातलाच, असा त्यांनी जो अर्थ काढला, तो मी खोडला नाही. मग सोमवारी त्यांच्याबरोबर देवळात जाऊ लागलो. मग रविवार चुकवू लागलो. कोणी बळजबरी केली होती का? नाही. त्या वर्षी गल्लीत फक्त अप्पांच्या आडाला पाणी होते, हे खरे आहे. पण ते पाणी माझी जात विचारून मिळत नव्हते. विचारतील, ही भीती माझीच होती.

आपल्या मंडळीत रीत आहे — सलग तीन रविवार माणूस दिसले नाही, की कोणीतरी त्याच्या घरी जायचे. तशा त्या आल्या. उपासना आटोपून, दोन कोस चालत. डोक्यावर पदर, काखेत पिशवी. अंगणात अप्पा आणि त्यांच्या पत्नी — अक्का — बसलेले. मी आडावर होतो, हातात पाण्याचा तांब्या.

"सलाम, लेकरा. तीन रविवार झाले. ताप-बिप हाय का काय तुला?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. "कोण हो ह्या?"

मी म्हणालो, "ओळखीच्या नाहीत. पाणी मागायला आल्या असतील."

मार्थाबाईंनी हे ऐकले. तीन हातांवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हाव. पाणीच पाहिजे होतं."

आता सांगायचे ते सांगतो. नाकारले, एवढ्यावर मी थांबलो असतो तर — पण मी थांबलो नाही. ओळख नाही हे पटावे म्हणून मी तांब्या त्यांच्या हातात दिला नाही. वर धरला. त्यांना ओंजळ करावी लागली. वाकून, अंगणाच्या कडेला. मी वरून धार सोडली. पाणी कोपरांवरून खाली जात होते. असे पाणी आमच्या आजोबांनी अर्धे आयुष्य प्यायले होते. ते थांबावे म्हणूनच ते ख्रिस्ती झाले, हे मला घरात सांगितलेले होते. मला कोणी सांगितले होते का तसे घालायला? कोणीही नाही.

उलट अक्काच कडाडल्या, "आवं, तांब्या हातात द्यायचा की! नळ हाय का तुमी? म्हातारं माणूस हाय ते."

"असू द्या, माय. भागली तहान," मार्थाबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीत सांगितले — भेट झाली, पोरगा बरा आहे. हे मला नंतर कळले. पावसाळ्यानंतर मी खोली बदलली आणि उपासनेला जाऊ लागलो. त्यांनी काही विचारले नाही. मीही काही बोललो नाही. काही वर्षांनी त्या वारल्या. अंत्यविधीला मला बोलायला सांगितले, कारण मी लिहिणारा. तिथे, त्यांच्या शवपेटीशेजारी उभे राहून, मी ती साक्ष पहिल्यांदा रचली.

मार्थाबाईंचे येणे खरे होते. आपले कोणी दिसले नाही म्हणून उन्हात निघालेले माणूस — मंडळी म्हणजे मला तरी एवढेच ठाऊक आहे. देवाच्या हेतूवर माझा आजही विश्वास आहे. माझे खोटे झाकायला मी त्याचेच नाव घेतले, म्हणून किळस अधिक.

लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात मी ती साक्ष शेवटची दिली. लोह्याहून आलेली एस्तेर नावाची शिक्षिका मंडळीत नवी होती. भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. आपण ख्रिस्ती आहोत हे तिने घरमालकाला सांगितले नव्हते. उपासनेनंतर ती माझ्याजवळ आली.

"काका, तुमचे घरमालक खरंच काही बोलले नाहीत?"

"उलट खुर्ची दिली," मी म्हणालो. "विश्वास ठेव. देवाचा हेतू असतो."

पुढच्या गुरुवारी तिने घरी प्रार्थना ठेवली. अकरा जण गेले. पेटी, ढोलकी, गाणी. मला बोलावणे होते. काम आहे असे मी कळवले. काम नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरमालकाने तिची घागर टँकरच्या रांगेतून काढून बाजूला ठेवली आणि आठवड्यात खोली सोडायला सांगितले. निघण्याआधी ती माझ्या घरी आली. रडली नाही.

"तुमच्यासारखा विश्वास नाही माझा, काका. माझाच कमी पडला."

मी म्हणालो, "प्रार्थना करत राहा."

जूनमध्ये ती नांदेडला गेली. तिथल्या दोन मंडळ्यांत मी चौकशी केली आहे. त्या नावाची शिक्षिका दोन्हीकडे आलेली नाही.