खडूने लिहिलेलं व्होल्टेज

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली ती मी. खरं तर माझ्या कंपनीने बसवली, पण इमारतीत बोलताना मी कायम 'मी'च म्हणायचो. लालबागची चाळ पाडून बिल्डरने तिथे दोन इमारती उभ्या केल्या होत्या. पुढची बुटकी आम्हा चाळकऱ्यांची, मागचा टॉवर विक्रीचा. दुपारी तीन वाजले की त्या टॉवरची सावली आमच्या गच्चीवर पडायची, म्हणजे उन्हातसुद्धा आमचा वाटा तीन वाजेपर्यंतच. तरीही मी समितीच्या गळी उतरवलं की लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे आता सूर्यावर चालतील आणि उरलेली वीज आपण उलट वीजकंपनीच्या लाइनीत सोडू. चाळीतून शिकून इंजिनियर झालेला पहिला मुलगा म्हणून माझी तिथे थोडी ऐट होती आणि ती मी जपत असे.

पॅनेलची वीज जशीच्या तशी वापरता येत नाही. रस्त्यावरच्या लाइनीच्या तालात तिला बसवावं लागतं आणि ते काम इन्व्हर्टर नावाची पेटी करते. ती मी तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये भिंतीला टांगली. मीटररूमची किल्ली काकांकडे होती.

काका आमच्या जुन्या मजल्यावरचे शेजारी. गिरणीच्या पॉवरहाऊसमध्ये वायरमन होते. संप झाला, गिरणीने त्यांना पुन्हा आत घेतलं नाही, मग आयुष्यभर दादर-परळच्या मंडपांत दिव्यांच्या माळा बांधत राहिले. नव्या इमारतीत सोसायटीने त्यांना पंप आणि मीटररूम सांभाळायला दिली तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. पॉवरहाऊसमध्ये दर तासाला व्होल्टेज लिहायची पद्धत असते. काकांनी ती इथेही चालू केली. कोणी सांगितलं नव्हतं. लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला खडूने तास आणि आकडा लिहायचे, दार भरलं की पुसून पुन्हा वरून सुरुवात करायचे. येणारेजाणारे हसत. मीही हसत असे.

उद्घाटनाला सोसायटीच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि मी दहा मिनिटं बोललो. ते भाषण डोक्यात घोळत असतानाच मी सकाळी इन्व्हर्टर चालू केला होता. चालू करताना ते यंत्र पहिला प्रश्न विचारतं की तू कुठल्या देशात आहेस. प्रत्येक देशाच्या लाइनीचे नियम वेगळे असतात. किती व्होल्टेजपर्यंत जोडलेलं राहायचं आणि कितीला सुटायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. यंत्र परदेशी होतं आणि कारखान्याने त्यांचा स्वतःचा देश यादीत सगळ्यात वर ठेवलेला होता. आपला शोधायला यादीत खाली जावं लागणार होतं, तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि मी 'पुढे' दाबलं. नंतर फॉर्मवर 'सेटिंग तपासलं' याखाली सही ठोकली.

आठवड्याभरात यंत्र दुपारी बारा वाजता बंद पडायला लागलं. तासाभराने आपोआप चालू व्हायचं, पुन्हा बंद पडायचं. लिफ्टमध्ये लोक विचारू लागले, "तुमचं यंत्र जेवायला जातं का हो?" मला थट्टा करायला आवडते, माझी केलेली अजिबात खपत नाही. मी सांगितलं की वीजकंपनीच्या लाइनीतच खोट आहे.

एके दिवशी काकांनी मला मीटररूममध्ये बोलावलं.

"झिला, हे बघ," ते म्हणाले. मुलासारख्या कोणालाही ते मालवणीत 'झिला'च म्हणत. दारावर आकडे होते. दहा वाजता दोनशे चव्वेचाळीस, अकरा वाजता एकोणपन्नास, बाराला चोपन्न आणि त्यापुढे 'बंद'. त्याच्या वर आदल्या दिवसाचं तसंच, त्याच्या आदल्या दिवसाचंही तसंच. "दुपारी लिफ्ट थंड, पंप बंद. वीज कोणी खायला नाय. लाइन आधीच चढलेली, त्यात तुझं मशीन आणखी ढकलतंय. मग घाबरून सुटतंय. चोपन्न काय एवढं जास्त नाय रे. याला इतकं घाबरायला कोणी शिकवलं?"

भरलेल्या पिंपात पाणी ओतायचं तर बादली पिंपापेक्षा वर धरावी लागते. लाइनीत वीज ढकलायची तर यंत्रालाही आपलं व्होल्टेज लाइनीच्या जरा वर न्यावं लागतं. हे मला परीक्षा देऊन कळलं होतं, काकांना दारावर लिहून कळलं होतं. मी लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर परदेशाचं नाव होतं. त्या देशात दोनशे त्रेपन्नच्या वर जोडलेलं राहायला परवानगीच नव्हती. आपल्याकडे ही मर्यादा त्याहून वर आहे.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण ती तेव्हाच केली असती तर यंत्र कधी आणि कोणी सुधारलं हे त्याच्या नोंदीत उतरलं असतं, आणि आधी काय चुकलं होतं हे लोकांनी विचारलं असतं. रविवारी सभा होती. माझ्या कंपनीचे मालक स्वतः येणार होते, कारण ही इमारत दाखवून त्यांना परळपासून भायखळ्यापर्यंत आणखी इमारती मिळवायच्या होत्या. चूक माझी आहे, हे मला त्यांच्यासमोर आणि लिफ्टमध्ये हसणाऱ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि काकांना म्हटलं, "बघतो."

रविवारी सकाळी सभेच्या जरा आधी मी काकांकडून किल्ली घेतली. फोटो काढायचेत असं सांगितलं आणि त्यांना गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला पाठवलं. मग पंपाजवळचा फडका ओला करून दार पुसलं. खडू निघायला काहीच वेळ लागत नाही. कोपऱ्यात कुठेतरी एक आकडा राहिला होता, तो नखाने खरवडला. काका खाली आले तेव्हा सभा भरायला लागली होती, मी त्यांना किल्ली परत दिली.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलाशी अध्यक्ष आणि माझे मालक. मी उभा राहिलो आणि शांतपणे सांगितलं की यंत्रात काहीही दोष नाही, पण रोज ठरावीक वेळेला मीटररूममध्ये कोणीतरी त्याचा स्विच पाडतं आणि नंतर पुन्हा वर करतं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या माना वळल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "काका, तुम्ही मशीनला हात लावता का?"

"लावतो की," काका म्हणाले. "रोज लावतो."

ते उठले आणि हाताची पालथी बाजू हवेत धरून दाखवू लागले. मोटर असो, ट्रान्सफॉर्मर असो, पॉवरहाऊसचा माणूस पालथा हात टेकवून बघतो, कारण झटका बसला तर पालथा हात मागे फेकला जातो, सरळ हात पकडून ठेवतो. हात लावल्याशिवाय मशीन कळत नाही, असं ते समजावून सांगत होते. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याने कबूल केलं.

"स्विचला नाय हात लावला," काका म्हणाले. "दारावर सगळं लिहिलंय. चला, दाखवतो."

अध्यक्ष त्यांच्याबरोबर गेले, मागून मीही गेलो. काकांनी दार ओढलं. दार स्वच्छ होतं आणि खालच्या कडेला अजून ओलं होतं. काका दाराकडे बघत राहिले, मग त्यांनी दार उलटं फिरवून बाहेरची बाजूही बघितली. अध्यक्षांनी विचारलं, "काय लिहिलंय, काका?" त्यांच्या आवाजात कीव होती. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण परत खुर्चीकडे येताना मला त्या नजरेची धास्ती बसली होती, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काकांची ही जुनी सवय आहे. संपात चाळीत चोरून वायर ओढताना सापडले होते. चौकीत बसवलं होतं त्यांना."

ते खरं होतं. वायर त्यांनी आमच्या खोलीत ओढली होती. माझं दहावीचं वर्ष, वडील संपावर, बिल थकल्यामुळे आमची वीज तोडलेली. मी पॅसेजच्या दिव्याखाली फरशीवर बसून अभ्यास करायचो. काकांनी त्या दिव्यावरून दाराच्या वरच्या झरोक्यातून एक वायर आत सोडली आणि माझ्या पुस्तकावर बल्ब टांगला. वीजकंपनीचा माणूस तपासायला आला तेव्हा काकांनी सांगितलं की या खोलीतल्या कोणालाच ठाऊक नाही, हा उद्योग माझा. संध्याकाळपर्यंत त्यांना चौकीत बसवलं आणि हवालदाराने दोन कानाखाली दिल्या. परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले.

सभेत बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे माहीत होतं. एकही तोंड उघडलं नाही. रविवार होता, घरोघरी मटण शिजत होतं आणि सगळ्यांना विषय जेवणाआधी संपवायचा होता. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझे मालक मला म्हणाले, "छान हाताळलंत."

त्याच दुपारी मी यादीत खाली जाऊन आपला देश निवडला, आता यंत्राची नोंद बघायला कोणी येणार नव्हतं. व्होल्टेज चढायला लागलं की ते दाबून धरायचं एक नियंत्रण त्या यंत्रात असतं, तेही चालू केलं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र एकदाही बंद पडलं नाही. किल्ली काढून घेतली आणि यंत्र सुधारलं, यापेक्षा मोठा पुरावा इमारतीला नको होता. पुढच्या सत्यनारायणाला माझ्या अंगावर शाल आली. मला तेव्हा लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज फार उशिरा आली, तोवर ती माझ्याशिवाय कोणाच्याही उपयोगाची राहिली नव्हती.

महिन्याभराने काका आमच्या दारात उभे राहिले. धुतलेला शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मी आत बोलावलं तरी खुर्चीच्या कडेवरच टेकले.

"किल्ली नको माका," ते म्हणाले. "सभेत पण काय सांगू नको. फक्त आमच्या घरी येऊन सुनेला एक सांग. ती माका कशाला हात लावूक देत नाय. मिक्सर बिघडला तरी बाहेरचा माणूस आणतात. नातवंडांना सांगते, आजोबांपासून वायरी लांब ठेवा. तू इंजिनियर, तुझं ऐकतील. काकांनी स्विच पाडला नव्हता, एवढंच बोल."

चौथ्या मजल्यावर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. सून ते बायकांमध्ये सांगेल, मग जिन्यात पसरेल, मग कोणीतरी विचारेल की स्विच पाडला नव्हता तर यंत्र बंद का पडत होतं. हा सगळा हिशोब मी ते बोलत असतानाच करून मोकळा झालो होतो.

"काका," मी समजुतीच्या स्वरात म्हणालो, "तुम्हाला नक्की आठवतंय का? पालथा हात लावताना बाजूच्या स्विचला धक्का लागला असेल. तो फार हलका असतो."

"आणि दार?" ते म्हणाले. "दार कोणी पुसलं?"

"भरलं की तुम्हीच पुसता ना रोज? त्या दिवशीही पुसलं असेल. वय झालं, काका. माझ्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं."

माझ्या वडिलांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होतं, आणि हे काकांना माहीत असायला हवं होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्वतःचा उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत होते. बोटं थोडी थरथरत होती, त्या वयात सगळ्यांची थरथरतात.

"असेल," ते शेवटी म्हणाले. "लागला असेल धक्का."

मी मान डोलावली.

"माझ्यामुळे तुला मालकासमोर खाली बघावं लागलं असतं, झिला," ते उठता उठता म्हणाले. "मनात ठेवू नको."

"असू द्या, काका," मी म्हणालो. "होतं असं."

त्यानंतर ते वर्षभरही जगले नाहीत. दिवसकार्याला मी चौथ्या मजल्यावर गेलो तेव्हा सुनेने माझ्या हातात चहा दिला आणि सांगितलं की शेवटी शेवटी सासरे फार शहाण्यासारखे वागायचे. उकडलं तरी पंख्याचं बटण स्वतः दाबायचे नाहीत, कोणी घरात येईपर्यंत तसेच घामाने भिजत बसायचे. ती हे कौतुकाने सांगत होती.