खंडेनवमीचं बोट

प्रल्हाद आमच्या कडेगावचा. आता मेलबर्नकडं, ट्रुगानिनात असतो. पाण्यातलं शिसं वळखणारं हातभर यंत्र तो गॅरेजात बनवतो. सोल्डरिंग बायको चित्रा करती. कंपनी म्हणायची ती एवढीच.

युरोपच्या सरकारी संशोधन योजनेत भाईरदेशच्या बारक्या कंपन्यांनाबी जागा असती. तिथल्या एका प्रकल्पात ह्याचं नाव लागलं. पैका तिकडच्यांना, ह्याला नुसतं नाव. पण त्या नावावर पुढची गिऱ्हाइकं येणार, म्हणून गड्यानं पक्की नोकरी सोडली.

खंडेनवमीला गावाकडं पाना-पकडीची पूजा करत्यात, तशी त्यानं युरोपला धाडायच्या यंत्राची केली. पाणी आत जातं त्या तोंडालाच कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले आन् खोका कुरिअरला दिला.

तिकडं यंत्र चांगल्या पाण्यातबी शिसं दावाय लागलं. प्रकल्पाची प्रमुख आना. तिनं कळवलं, सरकारी तपासणीच्या आत कारण सांगा, न्हाईतर दुसरी कंपनी घ्यावी लागंल. फोन वाजला की प्रल्हाद तो उपडा करून ठिवायचा.

चित्रानं जोडणी पहिल्यापासनं तपासली. चूक घावंना. मग तिनं इचारलं, पूजेत बोट कुठं लावलंवतंस? प्रल्हादनं सांगितलं आन् त्याचं त्यालाच उमगलं, कुंकू पाण्यात मिसळत व्हतं.

"कुरिअरवाल्यानं आपटलं म्हण," चित्रा म्हणाली. "पूजेचं नाव काढलंस तर येडगावचं समजत्याल."

तसंच म्हणायचं ठरवून तो व्हिडिओ कॉलला बसला. पण आना समोर आली आन् खोटं काय तोंडातनं निघंना. लाल पावडर, पूजा, तोंडाला लावलेलं बोट, सगळं सांगून टाकलं.

आनानं कॅमेऱ्यासमोरच यंत्र धुतलं, नवं पाणी वतलं. आकडा शून्यावर आला.

"तुमची कंपनी राहील," ती इंग्रजीत म्हणाली. प्रल्हादनं श्वास सोडला. पण आना हसली न्हाई.

"यंत्र बरोबरच सांगत होतं. शिसं त्या पावडरीत आहे. घरात ती कोण वापरतं?"

प्रल्हादनं मान वळवली. चित्रा दारात हुभी व्हती. तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं, आन् ते लागलेलं बोट कुठं ठिवावं ते तिला कळंना.